चौथा गडी

ताईच्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. राग नव्हता, विसरलाही नव्हता. लिहायला बसला की पहिलंच वाक्य त्याला खोटं वाटे. छापखान्यात मुद्रितं तपासत जन्म गेलेला माणूस. दुसऱ्याची चूक त्याला झोपेतही दिसे, पण स्वतःचं वाक्य काही पुढे सरकत नसे.

आणि ताईने विचारलं तरी काय होतं! ‘फोनवर तू नुसता हं हं करतोस म्हणून लिहितेय. आमच्या ज्येष्ठांच्या पोहण्याच्या रिलेतला चौथा गडी मुलाकडे राहायला गेला. गेल्या वर्षी माणूस कमी पडला तेव्हा आम्ही तिघं टॉवेल गुंडाळून काठावर बसून राहिलो. लहानपणी नदीत माझ्यामागे पोहायचास ना? येतोस का? हो की नाही, एवढंच कळव.’

मेहुणे गेल्यावर गुडघ्यांसाठी म्हणून ताई तलावात उतरली ती तिथलीच झाली. फलकावर एकदा तरी आपल्या संघाचं नाव आणि त्यापुढे वेळ लागावी, एवढीच तिची हौस. ‘नाही’ म्हणायला त्याची जीभ रेटेना, आणि ‘हो’ म्हणावं तर चारचौघांत उघडं व्हायचं.

उत्तर आलं नाही तेव्हा ताईच आली.

“मौन म्हणजे होकार. बॅग भर, वाळव्या.” पुस्तकं खातो म्हणून हे नाव तिनेच लहानपणी ठेवलेलं.

तिच्याकडे राहून महिनाभर तो रोज सकाळी पोहला. हात चालू लागले, दम टिकू लागला. फक्त उडीचं तेवढं जमेना. तो आपला शिडीने पाण्यात उतरे.

स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षक बघून त्याने खांद्यावरचा टॉवेल अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. संघातले शिंपीकाका त्याच्या चड्डीची नाडी पुन्हा पुन्हा ओढून बघत होते.

“गाठ पक्की आहे. माझ्या हातची आहे. लाज गेली तर तुमची जाईल, चड्डी नाही जायची.”

“ताई, माझ्यामुळे तुम्ही बाद झालात तर?”

“माझा हात भिंतीला लागला की तू सुटायचं. त्याआधी हललास तर बाद. बाकी काही नाही रे.”

शिट्टी झाली. संघातल्या नर्सबाई गेल्या, आल्या. शिंपीकाका गेले, आले. मग ताई. परतीच्या वाटेवर ती दमली. तोंड वर काढून हात मारू लागली. काठावर उभा राहून तो तिच्या हाताकडे टक लावून बघत होता. हात भिंतीला लागला. ताईने धापा टाकत वर पाहिलं.

आणि तो वाकला, हात पुढे केला आणि म्हणाला, “ये, सावकाश ये.”

“उडी मार!” शिंपीकाका ओरडले. “उडी मारा, आजोबा!” सगळे प्रेक्षक ओरडले. तो गोंधळून तसाच वाकून उभा. मग ताईने तो पुढे केलेला हात धरला आणि खसकन ओढला.

पोटावर पडल्याचा आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत गेला. टोपी एकीकडे तरंगत गेली, चष्मा हनुवटीवर आला. बाकीचे संघ केव्हाच पोचले होते. रिकाम्या तलावात तो एकटा, नदीत पोहायचा तसा मान वर काढून, पलीकडे गेला आणि परत फिरला. टाळ्या वाजत होत्या. हसतात मेले, असं त्याला वाटलं. पण आता थांबायचं नव्हतं. त्याने भिंतीला हात लावला तेव्हा मुख्य पंच तिथेच उभे होते.

“बाईंचा हात आधी लागला होता?” त्यांनी काठावरच्या पंचबाईंना विचारलं.

“लागला होता, सर. आजोबा नंतर पडले.”

“पडले?”

“ओढले गेले. बहिणीने ओढलं.”

ताई त्याच्याशेजारी पाण्यातच दोरीला धरून उभी होती. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

पंचांनी हसू दाबायला खोकून पाहिलं. “दुसऱ्याच्या गड्याला अडवायचं नाही, असा नियम आहे. आपल्याच गड्याला आत ओढू नये, असं काही माझ्या वाचण्यात नाही. ग्राह्य.”

फलकावर सगळ्यात खाली त्यांच्या संघाचं नाव लागलं, पुढे वेळ. ताई ते वाचतच राहिली. मग पाण्यातूनच, ओळखीच्या-अनोळखी प्रत्येकाला ऐकू जाईल अशी ओरडली, “हा माझा धाकटा भाऊ! सगळे उड्या मारतात, याने आधी बहिणीला हात दिला!”

लोक पुन्हा हसले. या वेळी तोही हसला, आणि अंग झाकायला टॉवेल मागायचं विसरून गेला.

घरी परतल्यावर दुसऱ्याच सकाळी त्याने कार्ड घेतलं आणि एका दमात लिहिलं: ‘ताई, हो. पुढच्या वर्षीही माझं नाव घाल. इथल्या तलावात उडी शिकायला जातोय. मास्तर म्हणतात, पोट अजून आधी पडतं.’

कोपऱ्यावरच्या पेटीत त्याने ते टाकलं.