खांदा शिवल्यानंतरचा हँडिकॅप

गोल्फ आमच्या घरी शेतातून आला. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत गोल्फचं मैदान करायचं ठरलं, तेव्हा सासऱ्यांची भाताची खाचरं त्यात गेली. जमिनीचा मोबदला मिळालाच, पण सासऱ्यांनी अडून बसून आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली: घरातल्या एका माणसाला क्लबचं आजन्म सभासदत्व. "आपल्या जमिनीत पाय टाकायला आपल्याला कुणाची परवानगी नको," एवढंच त्यांचं म्हणणं. ते स्वतः तिथे कधी गेले नाहीत. माझ्या यजमानांना एवढ्याशा चेंडूमागे एवढं चालणं हास्यास्पद वाटायचं. मी शहापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. सकाळची मोकळी होते, म्हणून जाऊ लागले आणि मला खेळ आवडला.

माझा हँडिकॅप सोळा होता. गोल्फमध्ये कसलेला खेळाडू जेवढ्या फटक्यांत मैदान पुरं करतो, त्याहून साधारण किती फटके तुम्हाला जास्त लागतात, त्याचा हा आकडा. स्पर्धेत तेवढे फटके वजा करतात, म्हणजे कच्चा आणि पक्का खेळाडू बरोबरीने खेळू शकतात. आमच्या क्लबात बायका चारच होत्या. सोळा हा त्यांतला सगळ्यांत चांगला आकडा होता, आणि तो मला कुणी दिला नव्हता.

२००४च्या मार्चमध्ये मी कॉलेजच्या जिन्यावरून पडले आणि उजव्या खांद्यातला स्नायुबंध तुटला. ऑपरेशन करून तो शिवला. पावसाळाभर रबरी पट्टा ओढण्याचे व्यायाम केले. सप्टेंबरच्या अखेरीस डॉक्टर म्हणाले, खेळा, पण जोर बेताने. दिवाळीआधी क्लबचा चषक होता. मला त्यात उतरायचं होतं. सोळावर उतरले असते तर शेवटची आले असते. आकडा बदलणं भाग होतं.

हँडिकॅपचं काम गुप्ते पाहायचे. कल्याणचे निवृत्त इंजिनिअर, स्वभावाने मऊ.

"चोवीस करून टाकू," ते म्हणाले.

"कशावरून?"

"अहो, ऑपरेशन झालंय तुमचं. कोण काय बोलणार आहे?"

"गुप्तेसाहेब, मला माझा खरा आकडा हवाय. तीन फेऱ्या खेळते. त्यांच्या सरासरीवरून ठरवा."

"आणि त्यात हात दुखला तर?"

"तर तोही त्यात येईलच की."

ते हसले आणि तीन कोरी कार्डं त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

माझी पिशवी जना उचलायची. जना मैदानामागच्या डोंगरावरच्या वाडीतली. क्लबात कॅडीचं काम करणाऱ्या पाच-सहा बायकांत ती सगळ्यांत धीट. आमच्या शेतात लावणीला ती आईबरोबर यायची तेव्हापासून मी तिची वहिनी. चपला पहिल्या होलपाशी काढून ठेवायची आणि अनवाणी सगळं मैदान फिरायची.

"किती बारीक झाल्या गो वहिनी," पहिल्या सकाळी ती म्हणाली. "हात वर तरी जातोय का?"

हात वर जात होता, पण पूर्वीइतका मागे वळत नव्हता. माझा लांबचा फटका आता मध्येच दम टाकत होता. तरीही पहिली फेरी ब्याण्णव फटक्यांत संपली. म्हणजे हँडिकॅप वीसच्या आसपास. कार्ड देताना मी खूश होते. घरी चहा घेताना मात्र मनाला ते पटेना. प्रत्येक फटका आखूड पडतोय आणि बेरीज मात्र एवढी चांगली. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणं कठीण होतं.

दुसऱ्या फेरीला आम्ही फार लवकर निघालो. पाऊस सरला होता आणि गवतावर दव होतं. सातवा होल म्हणजे आमची जुनी खाचरं. तिथे कडेला एक बांध अजून शिल्लक आहे. माझा चेंडू उजवीकडे गेला आणि दगडावर आपटल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. जना नेहमीसारखी पुढे गेली होती. मी पोचले तर चेंडू बांधापासून चांगला लांब, कापलेल्या गवतावर ऐटीत बसलेला.

मी खाली पाहिलं. दवातून चेंडू घरंगळला की मागे गडद रेघ उमटते. बांधापासून इथवर तशी रेघ नव्हती. अनवाणी पावलांचे ठसे होते, आणि शेवटच्या ठशापासून हातभर रेघ निघून चेंडूपाशी थांबली होती.

"जना, हा चेंडू कुणी हलवला?"

"कुणी म्हंजे? मीच." तिच्या आवाजात कसलाच संकोच नव्हता. "दगडात पडला व्हता. पायाच्या बोटांत धरून आनला आन हितं सोडला. तुमचा खांदा आताच शिवलाय. दगडावर हानून परत उसवायचा हाय काय?"

"आणि परवा?"

"परवा पन. दोनदा झुडपातनं काढला. एकदा वाळूतनं."

"अगं, हे चालत नाही."

"का नाय चालत? आमच्या वाडीत खेळताना लिंबूटिंबू असला तर त्याला कोन आउट करतं? दुखन्यातनं उठलेल्या मानसाला सगळे सांभाळून घेतात. बाकीच्या पोरीपन म्हनाल्या, वहिनींना जरा सांभाळ."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्यावर माया करायचं त्यांनी मिळून ठरवलं होतं.

मी तिला समजावलं. फटके कमी दिसले तर माझा हँडिकॅप कमी धरतील, आणि चषकात मला कमी सूट मिळेल. तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"म्हंजे चांगलं खेळलं का नुसकान?"

"खोटं चांगलं खेळलं तर."

"कोनी काढलाय वो हा खेळ?"

"ते सोड. दुसरी गोष्ट ऐक. नियमाप्रमाणे कॅडीने चेंडू हलवला तर तो खेळाडूनेच हलवला असं धरतात. दंड मला लागतो."

आता मात्र तिचा चेहरा उतरला. "पाय माझा, आन दंड तुमाला?"

"मला."

चेंडू उचलून तिने बांधाच्या दगडांत, होता तिथे नेऊन ठेवला. मी आखूड काठी घेतली आणि तो नुसता बाजूला काढला. खांद्याला काही झालं नाही.

फेरी अर्धी सोडून मी गुप्त्यांकडे गेले. वाटेत मनाशी एक गोष्ट स्पष्ट केली होती. चेंडूला हात लावणाऱ्या कॅडीला क्लब कामावरून काढत असे, तेव्हा जनाचं नाव घ्यायचं नाही. पण खोट्या वीसवर मी चषकात उतरणार नव्हते.

"दोन्ही कार्डं रद्द करा," मी म्हटलं. "चेंडू जागचा हलवला गेला. दंड धरला नाही."

गुप्त्यांनी चष्मा काढला. "चांगलं कार्ड रद्द करा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पण बाई, स्पर्धेच्या तोंडावर हँडिकॅप वाढवून घेतला म्हणतील लोक."

"म्हणतील. म्हणून नव्याने तीन फेऱ्या खेळते, तिन्हींना तुम्ही बरोबर चला."

"चेंडू हलवला कुणी?"

"नियमाप्रमाणे मी."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. जना माझ्या काठ्या पुसत बसली होती, आणि त्या आधीच स्वच्छ होत्या.

"कॅडी बदलून देऊ?"

"नको. तीच हवी."

मग त्यांनी कार्डं मधोमध फाडली. "सहाला येतो. मला सकाळी गुडघा धरतो, फार पळवू नका."

त्या तीन फेऱ्यांत जनाने कधी चेंडूच्या जवळ पाऊल टाकलं नाही. लांबून बोट दाखवायची आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहायची. चेंडू वाईट जागी पडला की तिच्या पायाची बोटं मातीत रुतायची. शेवटच्या फेरीत चेंडू एका करवंदीच्या बुंध्याशी जाऊन अडकला. मी कशी उभी राहू म्हणून चाचपडत होते, तेव्हा गुप्त्यांनाच राहवेना.

"काढून घ्या हो बाहेर. मी काही पाहिलं नाही."

"साहेब, पाय लावू नका," जना मागून म्हणाली. "दंड वहिनींना बसतो."

गुप्ते एवढे हसले की त्यांना टोपी काढावी लागली. मी झुडपात दोन फटके घालवले, तिसऱ्याला चेंडू बाहेर आला. तिन्ही फटके मी स्वतः मोठ्याने मोजले.

सरासरी निघाली आणि गुप्त्यांनी क्लबच्या फळ्यावर माझ्या नावापुढे सोळा खोडून सव्वीस लिहिलं. त्यांच्या दयेपेक्षाही दोन जास्त. त्याचं माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त वाईट वाटत होतं.

"एवढा वाढला," ते पुटपुटले.

"आज एवढाच आहे," मी म्हटलं.

चषकाच्या सकाळी माझ्या गटात मुंबईहून आलेल्या एक बाई होत्या. फळा वाचून त्यांनी विचारलं, "मागच्या वर्षी सोळा होता ना तुमचा?"

"हो. मधे खांदा शिवला. आता सव्वीस."

"बराच फरक आहे."

"मोजलेला आहे," मी म्हटलं. जनाने काठी पुढे केली आणि चार पावलं मागे सरून ती उभी राहिली. मी चेंडू ठेवला, खांदा जेवढा वळत होता तेवढा वळवला आणि मारला. फटका आखूड पडला, पण मैदानाच्या अगदी मधोमध. पिशवी घेऊन जना येणारच होती; मी मागे न बघता चालायला लागले.