जावईबापूंचं कपाट

माझ्या जावयाला आलेख काढणारे जुने कॅल्क्युलेटर जमवायचा नाद आहे. काचेचं कपाट भरलंय, पण त्यातला एकही कधी सुरू करत नाहीत. सेल पाझरतात म्हणे, म्हणून आलेल्या प्रत्येक यंत्राचे सेल हे महाशय आधी उपसतात. भिंतीला रंग किती लागेल ते मात्र फोनला विचारतात. पाहुण्यांपुढे हातमोजे चढवून एकेक असा आणतात, जणू बाळंतिणीच्या खोलीतून बाळच आणलं.

माझी धाकटी बहीण तिच्या मुलाचा कॅल्क्युलेटर घेऊन आली. मुलगा इंजिनिअरिंग शिकताना तापाने गेला. त्याने आईसाठी त्यात एक प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. कळ दाबली की रेघ सरकत सरकत त्यांच्या मांजराचं चित्र काढायची. बहीण ते रोज बघायची. हल्ली रेघ फिकी पडली होती.

"सेल बदलायला भीती वाटते, दादा. जावईबापूंना कळतं ना यातलं?"

"तेवढंच कळतं," मी म्हणालो.

"आत्या! हे मॉडेल कुठे लपवलं होतंत?" जावयाने ते झडपच घालून घेतलं.

"आतलं मांजर तेवढं सांभाळा हं."

"हो हो."

त्यांनी झाकण उघडलं, सगळे सेल काढले आणि हाताच्या सवयीने बाजूचा बटणाएवढा सेलही काढला. साठवलेलं सगळं त्या बारक्या सेलवर तगून असतं, हे मला त्यांनीच कितीदा ऐकवलेलं. पण कपाटात मांडायच्या वस्तूत काय साठवलंय याच्याशी त्यांना काय देणंघेणं! कापसाने आतल्या पट्ट्या पुसत बसले.

नवे सेल घातल्यावर बहिणीने कळ दाबली. रिकाम्या आलेखाची एक आडवी, एक उभी रेघ आली. बस.

"मांजर कुठंय?"

"मेमरी गेली वाटतं. पण यंत्र बघा आत्या, कारखान्यातून आल्यासारखं कोरं!"

"अहो, जीभ आवरा!" माझी मुलगी कडाडली.

बहीण कळ दाबतच राहिली.

"हळू, आत्या. बटणांवरची अक्षरं झिजतील."

"झिजलीच आहेत," ती म्हणाली. "त्याच्या अंगठ्याने."

यंत्र पिशवीत टाकून ती निघाली. मीही चपला घातल्या. जिन्यात वरून हाक आली, "द्यायचं झालं तर आधी मला सांगा!"

"दादा, रेघ कुठून सुरू व्हायची रे?" बहिणीने विचारलं.

"शेपटीपासून."

"हो. कान शेवटी."