डाव्या पिळाची दोरी

मी एक दोरी, गवताची. अंगठ्याएवढी जाड, चाळीस वाव लांब. पेरू देशाच्या डोंगरात, दोन कड्यांच्या मधे लोंबणाऱ्या पुलावर माझा मुक्काम आहे. आमच्या पुलाला आयुष्य एका वर्षाचं. दर जूनमध्ये गावकरी नवा पूल विणतात आणि जुना कापून नदीत सोडतात. माझी वेळ परवावर आली आहे. त्याचं मला दुःख नाही. एका बाईची गोष्ट तेवढी सांगायची राहिली आहे.

तिचं नाव मेल्चोरा. मला तिनंच घडवलं. गवत विळ्यानं कापलं, दगडावर ठेचलं, भिजवलं आणि अंगणात बसून दोन तळहातांमधे घोळवत वळलं. तळहात कसले, खरखरीत कानशीच त्या! पण त्या हातांत मी निर्धास्त होते.

मेल्चोरा डावरी आहे. गावातल्या बाकी दोऱ्यांचा पीळ उजवा, माझा डावा. शेजारीण सिप्रियाना तिला चिडवायची, "अगं, सगळं गाव एकीकडे आणि तुझा हात भलतीकडे!"

"हात देवानं दिलाय, गावानं नाही," म्हणत मेल्चोरा वळत राहायची.

गावाचा नियम असा, की प्रत्येक घरानं एक दोरी द्यायची. ती वळायची बाईनं आणि पुलावर न्यायची पुरुषानं. पूल विणताना बाई जवळ फिरकली तर तो तुटतो म्हणे. म्हणून बायका तीन दिवस वर टेकडीवर बसतात, आणि तिथं बसूनही दोऱ्याच वळतात. खाली दोरी पोचली की पूल बांधणारा म्हातारा अपोलिनार त्या घरच्या पुरुषाचं नाव मोठ्यानं पुकारतो. सलग तीन वर्षं ज्या घराचं नाव पुकारलं जात नाही, ते घर बुडालं असं धरतात आणि त्याची जमीन जवळच्या पुरुष नातलगाकडे जाते. हे कुठं लिहिलेलं नाही. लिहिलेल्या कायद्याला पळवाटा तरी असतात.

मेल्चोराचा नवरा फेलिसियानो वारला. पदरात दोन मुली आणि डोंगरउतारावर बटाट्याचं शेत. दीर एव्हारिस्तो धावून आला. "वहिनी, तू बाईमाणूस, पुलाजवळ कशी जाणार? दे इकडे, मी नेतो." दोन वर्षं त्यानं माझ्या बहिणी नेल्या आणि आपल्याच नावावर टाकल्या. गाव म्हणालं, किती करतो बिचारा वहिनीसाठी!

एव्हारिस्तो दुष्ट नव्हता. बाजारातून पुतण्यांसाठी आठवणीनं पाव आणायचा. पण काही माणसं गोड बोलून तुमचं ओझं उचलतात आणि थेट आपल्याच घरी नेतात.

तिसरं वर्ष उजाडलं. मेल्चोरानं मला त्याच्या खांद्यावर ठेवलं. "भावजी, या खेपेला पुकारा माझ्या घराचा झाला पाहिजे. नाहीतर शेत जाईल."

"होईल गं! आणि शेत गेलं तरी माझ्याकडेच येणार ना? मी काय परका आहे?"

खाली पोचताच त्यानं दोन वेटोळी टाकली. "दोन्ही माझ्या घरच्या."

अपोलिनारची नजर अधू झाली आहे, पण बोटं अजून तल्लख आहेत. त्यानं मला चाचपलं आणि तो थांबला.

"ही तुझ्या बायकोच्या हातची नाही."

"घरचीच आहे की, बाबा."

"तीस वर्षं पहिली गाठ मी अशा दोरीचीच मारतोय. डाव्या पिळापुढं अपशकुनाचं काही चालत नाही. कोण वळतं ही?"

मला हसू आवरेना. बाईच्या सावलीनं पूल तुटू नये म्हणून जी गाठ मारायची, ती तीस वर्षं एका बाईच्या हातची!

"मीच वळली म्हणा ना," एव्हारिस्तो डोकं खाजवत म्हणाला.

"मग वळून दाखव हातभर."

त्यानं गवत घेतलं. हात आपसूक उजवीकडे गेले. डावीकडे वळवायला गेला तर सगळं सुटलं. "एव्हारिस्तो, उंदराचं शेपूट झालं रे!" पुरुष खो खो हसले.

अपोलिनारनं टेकडीकडे तोंड करून हाक दिली, "जिनं ही वळली तिनं पुढं यावं!"

ती खाली आली असती तर उद्या पुलाची एक गाठ जरी सरकली तरी दोष तिचा. नाही आली तर शेत गेलं.

मेल्चोरा उठली, पण खाली आली नाही. उभ्या उभ्याच तिनं हातभर दोरी वळली आणि सिप्रियानाकडे दिली. तिनं पुढचीला दिली. अशी हातोहात ती उतारावरून बायकांच्या हद्दीच्या दगडापर्यंत आली. म्हातारा स्वतः धापा टाकत चढला आणि ती खाली आणून माझ्याशेजारी धरली. पीळ तोच होता.

त्यानं पुकारलं, "फेलिसियानोचं घर!"

"फेलिसियानो मातीखाली आहे, बाबा!" वरून मेल्चोरा ओरडली. "माती दोऱ्या वळत नाही. माझं नाव घ्या!"

"बाईचं नाव कधी कुणी पुकारलंय का?" एव्हारिस्तो पुटपुटला.

अपोलिनारनं कोकाची चार पानं तोंडात टाकून चघळली. मग म्हणाला, "खोट्या नावाची गाठ सुटते." आणि छाती भरून त्यानं पुकारलं, "मेल्चोरा!"

पलीकडच्या कड्यानं ते नाव जसंच्या तसं परत दिलं. वर सिप्रियाना डोळे पुसत म्हणाली, "सुंभ जळेल, पण हिचा पीळ जायचा नाही!" मला त्या दिवशी मेल्चोराचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा आजवर कुणाचा वाटला नाही.

चौथ्या दिवशी पूल सगळ्यांना खुला झाला. जिच्या सावलीनं मी तुटणार होते, ती बटाट्याचं पोतं पाठीवर घेऊन माझ्यावरून चालत गेली. मी करकरलेसुद्धा नाही.

आता पुन्हा जून आलाय. मी वाळलेय, जागोजागी उसवलेय. यंदा मेल्चोरानं धाकट्या मुलीला डावा पीळ शिकवला, पोरगी उजव्या हाताची असूनही. आणि काल सिप्रियाना, जिचा नवरा चांगला धडधाकट आहे, त्या दगडापाशी येऊन म्हणाली, "बाबा, आमच्या घरची दोरीही मीच वळते हो." तिच्यामागं अकरा जणी उभ्या होत्या. म्हाताऱ्यानं कोकाची पानं तोंडात टाकली आणि चघळायला लागला.

उद्या पुकारा, परवा विळा. माणसांनो, माझं मागणं एवढंच, की क्रम चुकवू नका. आधी नावं घ्या, मग मला कापा.