नर झाडाची फांदी

चूक आधी माझी होती. जायफळाच्या दोन झाडांच्या फांद्या मी चिठ्ठी न बांधता एकाच टोपलीतून बंगल्यावर चित्रासाठी नेल्या. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी सिबिल ग्रेनाडा बेटावर नवीन होत्या. त्यांनी कर्कटकाने पान न् पान मोजलं आणि सगळं एकाच फांदीवर रंगवलं: डावीकडे फुलांचे घोस, उजवीकडे उकललेलं फळ, आत लालभडक जायपत्री.

गव्हर्नरसाहेबांना, सर लायोनेलना, चित्र फार आवडलं. ते लंडनच्या प्रदर्शनात लागणार होतं, आणि डोंगरावरच्या जमिनी विकताना त्याच्या छापील प्रती वाटायच्या होत्या.

चौकट तयार झाली त्या सकाळी मी बाईसाहेबांना खरं सांगितलं. घोसाने फुलतं ते नर झाड. त्याला फळ धरत नाही. रोपावरून ते ओळखता येत नाही, सहा-सात वर्षं थांबावं लागतं. माझ्या आईने चाळीस रोपं लावली होती. तेवीस नर निघाली.

"मग आईने काय केलं, सेलेस्टीन?"

"शेजारणी विचारायच्या, यंदा बाग कशी? आई म्हणायची, फुलं मोप आहेत, उकडून खायला या."

बाईसाहेब हसल्या नाहीत. चित्र काखेत मारून त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. मी रंगांची पेटी घेऊन मागे. साहेबांचं म्हणणं असं की लोक चित्र बघून जमीन घेतात, वनस्पतिशास्त्र वाचून नाही.

"म्हणूनच," बाईसाहेब म्हणाल्या.

"सिबिल, तू गव्हर्नरची बायको आहेस."

"आहेच. पण खाली सही माझी आहे, लायोनेल."

पेन्सिलीला टोक काढायच्या चाकूने त्यांनी कागद चौकटीतून सोडवला आणि फांदीच्या मधोमध सरळ कापला. एका तुकड्याखाली लिहिलं, 'मादी झाड'. दुसऱ्याखाली, 'नर झाड. निम्मी रोपं अशी निघतात. याला फळ येत नाही.' मग दोन्ही माझ्या हातात दिले.

शनिवारी, जमिनीचे सौदे होतात त्या बाजारात, मी ते खांबावर ठोकले. दुपारी ते काढायला साहेबांचा शिपाई आला. आई खांबाला पाठ लावून बसली होती, टोपली मांडीवर घेऊन.

"काढ ना," ती म्हणाली. "बाईसाहेब दुसरी जोडी रंगवतायत. तिसरीसाठी फांद्या मी तोडून ठेवल्यात."

या वेळी प्रत्येक फांदीला चिठ्ठी बांधलेली होती.