लाल उजव्या हाताला

घाटकोपरला समुद्र नाही. आमच्या चाळीच्या गॅलरीतून दिसतो तो डोंगर आणि त्याच्यावरच्या झोपड्या. तरी आमच्या दाराला बंदराचे दिवे होते, कारण आमच्या ह्यांचं डोकं! सारी नोकरी बंदराच्या लाँचवर गेली. बोटींना त्यांची वाट, म्हणजे चॅनेल, दाखवायला पाण्यात मोठाले बोये तरंगत असतात, ते खरवडायचे, रंगवायचे, पुन्हा जागेवर सोडायचे. रिटायर होऊन घरी बसले, पण हात काही स्वस्थ बसेनात.

आमचा अनंत बोटीवर ऑफिसर. तो यायचा असला की हे दाराच्या दोन बाजूंना झिरोचे बल्ब लावायचे. आत शिरणाऱ्याच्या डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा. आपल्याकडे बंदरात शिरताना बोये असेच असतात म्हणे. शेजारचे नंदकुमार दर वेळी विचारायचे, "काशीरामभाऊ, दवाखाना काढलात काय?" हे आपले बल्ब पुसत राहायचे. अनंत मात्र जिना चढून आला की बॅग खाली ठेवायचा, दोन्हीकडे मान वळवून बघायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "चॅनेल बरोबर आहे, बाबा!" मगच बूट काढायचा. दोघेही सारखेच वेडे. मला ते वेड फार आवडायचं, पण तसं बोलले असते तर दोघेही शेफारले असते.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर तो आला, तेव्हा बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, अमेरिकेत हे उलटं असतं. तिकडे बंदरात शिरताना लाल उजव्या हाताला."

"म्हायत आसा माका," हे म्हणाले. "तेंचा सगळाच उलटा."

एरवी अनंत हसला असता. त्या दिवशी हसला नाही. जेवताना सांगितलं, तिकडच्याच एका कंपनीत नोकरी मिळाली आहे, बोटी तिकडच्याच किनाऱ्यानं फिरणार, निदान तीन वर्षं तरी येणं व्हायचं नाही. माझा आमटीचा डाव तसाच राहिला. हे ताटावरून उठले, हात धुतले, स्टुलावर चढले आणि दोन्ही बल्ब काढून कपाटात ठेवून दिले.

मग अबोला. काय सांगायचं ते माझ्यामार्फत. "तेका सांग, टॉवेल सुकत घाल म्हणान." पोरगा समोर उभा! शेवटी मी भडकलेच. "अहो, बापाशी न बोलता गेला तर तीन वर्षं तो तिकडे तेच उगाळत बसेल. आणि तुम्ही इकडे." हे पेपर वाचत राहिले. पेपर कालचा.

मुलगा जाणार याचं मला दुःख होतं, नाही कसं म्हणू? पण बोटीवरचा मुलगा जायचाच. असा जायला नको होता, एवढंच.

निघायच्या दिवशी दिवेलागणीला टॅक्सी खाली येऊन उभी राहिली. अनंतनं देवाला नमस्कार केला, मला केला आणि बापाला शोधू लागला. हे घरात नव्हते. तेवढ्यात गॅलरीत स्टूल सरकल्याचा आवाज आला. मी डोकावले तर हे स्टुलावर उभे आणि दोन्ही बल्ब पेटलेले. जागा त्याच, जुन्याच.

माझं टाळकंच फिरलं. "एवढे लावलेत तर त्याच्या अमेरिकेसारखे तरी लावायचे होते! लाल ह्या बाजूला घ्या की."

"तू गप ऱ्हव," हे म्हणाले. मग आत बघून, "अनंता, भायर ये. सरळ ये."

इतक्या दिवसांत त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. अनंत बॅग उचलून उंबऱ्यावर आला आणि सवयीनं त्यानं दोन्हीकडे मान वळवली. नेहमी तो बाहेरून आत यायचा. आज आतून बाहेर निघालेला, त्यामुळे बाजू फिरल्या होत्या.

"लाल खंयच्या हाताक आसा?" ह्यांनी विचारलं.

"उजव्या."

"आणि तुझ्या अमेरिकेत लाल उजव्या हाताक दिसलो, म्हणजे काय?"

अनंतनं बॅग खाली ठेवली. "म्हणजे... बंदरात शिरतोय, बाबा."

"मगे?" हे स्टुलाला धरून हळूहळू खाली उतरले. "जातंय असा समजा नको. तिकडच्या हिशोबान तू घराकच येतंस."

अनंत पायाशी वाकला, तर ह्यांनी त्याला अर्ध्यातच धरला आणि सोडेचनात. मी जी रडायला लागले ती थांबेना. खाली टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता, मारू दे मेल्याला.

टॅक्सी हलली तेव्हा अनंतनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडला, "चॅनेल बरोबर आहे, बाबा!"

टॅक्सी वळणाआड गेली. मी डोळे पुसले आणि दिवे बंद करायला बटणाकडे हात नेला.

"ऱ्हवांदेत," हे म्हणाले. "पोर अजून वाटेर आसा."