पवळीचा मान

मोरिवलीच्या ठमाबाईच्या गोठ्यात सकाळची पहिली धार पवळी गाईची. बाकीच्या तिघी तिच्याच लेकी-नाती, तेव्हा मान तिचा. आणि चौघींच्या कासेला हात फक्त ठमाबाईचा. सून उन्नती कधी बसलीच, तर म्हातारी लगेच म्हणायची, "धुनं पिलतंस का गो?"

पवळीला कासेची दगडी झाली, म्हणजे सूज नि दुधात गुठळ्या, तीही तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळी दूध स्वच्छ दिसताच ठमाबाईने औषध थांबवलं आणि उरलेल्या ट्यूब पुढच्या खेपेला जपून ठेवल्या. काटकसरी बाई! अर्धवट औषधाने जंतू मेले नाहीत, निर्ढावले. आता गुरांचे डॉक्टर हेमचंद्र यांनी दूध तपासून आणलं, तर त्यातले जंतू एकाही औषधाला दाद देत नव्हते.

"कास दोन्ही वेळा पूर्ण रिकामी करा, दूध फेकून द्या," डॉक्टर म्हणाले. "आणि मावशी, हिची धार सगळ्यात शेवटी. तुमच्या हातातून रोग त्या तिघींना लागला, तर माझ्याकडे द्यायला काही नाही."

दुसऱ्या दिवशी ठमाबाई पवळीला सोडून पुढे गेली. पवळी हंबरली, तिने दावं ताणलं, आणि पाळी आली तेव्हा सरळ पान्हा चोरला. कितीही गोंजारलं तरी थेंब नाही. संध्याकाळीही तेच. कास टणक झाली, हात लावला की बिचारी थरथरायची.

म्हातारीला घास गेला नाही. पवळीला आधी पिळावं तर लेकी जातात, मागून पिळावं तर पवळी जाते.

पहाटे तिने उन्नतीला हाक मारली आणि बादली तिच्या हातात दिली.

"तिगी आता तुज्या."

"मी? आई, तुम्हीच तर म्हणता..."

"मी कायपन बोलतंय. मी आता नुस्ती पवलीची. जा, हात धू."

ठमाबाई पवळीपाशी बसली. पवळीने पान्हा सोडला. तेवढ्यात पलीकडे बादलीत धार वाजली. आधी अडखळत, मग छान लयीत. तिघींतल्या धाकटीने परक्या हाताला दूध दिलं होतं. ठमाबाईला बरं वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

पवळीचं दूध खड्ड्यात ओतून ती सवयीने धाकटीला थोपटायला निघाली. अर्ध्या वाटेत तिचं लक्ष स्वतःच्या ओल्या हातांकडे गेलं. तिने ते पाठीमागे धरले आणि लांबूनच बघत उभी राहिली.