सुट्टी घेणारी थरथर

मित्रांनो, जमिनीत गाडून ठेवलं तरी ज्याला क्षणभर स्वस्थता नाही, असा मी एक जुना भूकंपमापक आहे. आकाराने घागरीएवढा. माझ्या पोटात स्प्रिंगला टांगलेलं एक वजन आहे. जमीन हलली की मी हलतो, वजन जरा मागे राहतं, आणि तेवढ्या फरकाची नोंद होते. ऐकायला सोपं वाटतं. पण तुम्हाला कुणी सांगितलं, की जन्मभर झोपायचं नाही आणि शेजारच्या घरात कुणी कूस बदलली तरी ती कळलीच पाहिजे, तर कसं वाटेल?

ज्या कारागिराने मला जुळवलं, तो काम करताना श्वासही बेताने घ्यायचा. शेवटी त्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक टाचणी टाकून पाहिली. मी दचकलो. "झालं, हा आता आयुष्यभर दचकणार," असं म्हणून तो समाधानाने चहा प्यायला गेला.

भूगर्भशास्त्रज्ञ असलेल्या एका बाईंनी मला रबराच्या एका मोठ्या मळ्यात नेलं. तिथे जमिनीखाली खंड फाटत होता. म्हणजे दोन बाजूंची जमीन एकमेकींपासून दूर सरकत होती, तीही नखं वाढतात त्याहून सावकाश. मळ्याच्या कडेला खड्डा खणून, सिमेंटच्या ओट्यावर मला बसवलं आणि वर लोखंडी झाकण घातलं. बाई जवळच्याच बंगलीत राहत. त्यांच्याकडे स्वयंपाकाला एक मावशी होत्या. मावशी रोज सकाळी झाकणावरचा पाचोळा झाडायच्या, तळवा टेकवायच्या आणि विचारायच्या, "काय रे, काही म्हणते का जमीन?"

जमीन फारसं काही म्हणत नव्हती. वर्षं अशीच गेली. झाडांचा चीक गोळा करणाऱ्या बायकांची पावलं, ट्रकची घरघर आणि कधीतरी खोलवरून आलेली एखादी उचकी. बाईंच्या क्षेत्रातले लोक म्हणू लागले, की ती भेग केव्हाच थंडावली. बाई उगाच तिथे मुक्काम ठोकून बसल्या आहेत.

आणि एके दिवशी धक्के सुरू झाले. आखूड, वरवरचे, पुन्हा पुन्हा, आणि सगळे टेकडीमागून. बाई हरखल्या. तरी त्यांनी मळ्याच्या व्यवस्थापकांना विचारलं, "टेकडीमागं काही काम चाललंय का?"

"छे हो. तिकडे आमचं काय काम? नुसतं रान आहे ते," व्यवस्थापक म्हणाले.

बाईंनी विश्वास ठेवला. मला मात्र ते धक्के खटकत होते. खोलवरचा धक्का आधी टोचतो, मग हेलकावतो. हे धक्के एकदमच आदळत. पण मला बोलता येत नाही, फक्त हलता येतं. बाईंनी भरसभेत जाहीर केलं, की भेग जागी झाली आहे. वाहवा झाली. माझा फोटो छापून आला. बाईंना आणखी यंत्रं कबूल झाली. मी खड्ड्यात नुसता तळमळत होतो.

त्याच सुमारास कामगारांच्या चाळीत ताप आला. आधी डोकं ठणकायचं, मग माणूस असंबद्ध बोलायला लागायचा. दोघं दगावली. तपासासाठी ज्या डॉक्टर आल्या, त्या बाईंच्याच धाकट्या बहीण. विषाणूंचा अभ्यास हेच त्यांचं काम. चाळीच्या परसातल्या फळझाडांवर वटवाघळांची झुंबड उडालेली त्यांनी पाहिली. तापाचा विषाणू वटवाघळांच्या उष्ट्या फळांवरही सापडला. पण ही एवढी वटवाघळं आली कुठून, आणि आत्ताच का, ते उमजेना. तेवढ्यात मावशी आजारी पडल्या.

माझ्या झाकणावर पाचोळा साचू लागला. त्यातच एकदा थोरली, म्हणजे बाई, माझ्या नोंदी उतरवून घ्यायला आली. धाकटीही आली आणि संगणकाच्या पडद्यात डोकावत बसली.

"ताई, ही मधली मोकळी जागा कसली?"

"त्या दिवशी धक्के नव्हते."

"आणि ही पुढची?"

"तेव्हाही नव्हते. मी महिन्याची बेरीज बघते गं, एकेक दिवस कोण बघतो?"

धाकटी बोट फिरवत गेली. "दर वेळी बाजाराचाच दिवस आहे. ताई, पृथ्वी आठवडी सुट्टी घेते का?"

थोरली हसली नाही. तिने पडदा मिटला आणि दोघी टेकडीकडे निघाल्या. त्यांची पावलं जाताना भरभर होती; परतताना इतकी जड, की मला आधी त्या ओळखूच आल्या नाहीत.

टेकडीमागचं जुनं रान आडवं पडलं होतं. मोठमोठे वृक्ष यंत्रांनी पाडून तिथे रबराच्या रोपांच्या रांगा लावल्या होत्या. वटवाघळांचं घर आणि अन्न दोन्ही गेलं होतं, म्हणून ती चाळीकडे वळली होती. मी मोजत होतो ती पृथ्वीची भेग नव्हती. ती पडणारी झाडं होती.

"मी भरसभेत सांगून बसलेय," थोरली म्हणाली.

"मग भरसभेतच मागे घे."

"हसं होईल माझं."

"होईल. पण तू भेग म्हणतेस तोवर या झाडांकडे कोण बघणार? मावशी मला ओळखत नाहीयेत, ताई."

थोरलीने शब्द मागे घेतले. हसं झालंच, कबूल झालेली यंत्रंही गेली. पण दोघींनी माझ्या नोंदी आणि तापाचे अहवाल एकत्र मांडले. चौकशी बसली, तोड थांबली. चाळीतल्या फळझाडांवर जाळ्या पडल्या आणि ताप ओसरला. मावशी वाचल्या, पण त्यांचा हात कायमचा कापू लागला. पुढे त्या झाकणावर तळवा टेकवत, तेव्हा तो कंप माझ्यापर्यंत पोचायचा. तो नोंदवताना मी जितका अस्वस्थ झालो, तितका कुठल्याच भूकंपात झालो नव्हतो.

कालांतराने माझ्या जागी नवं यंत्र बसलं आणि मी बाईंच्या संस्थेच्या बोळकांडीतल्या एका फळीवर येऊन पडलो. धूळ खात होतो. परवा एक इंजिनिअर पाहुण्यांना अभिमानाने सांगत होता, "नवी यंत्रं हुशार आहेत. ट्रक, पावलं, झाडतोड, सगळा गोंगाट आधीच गाळून टाकतात."

पाहुण्यांत धाकटी होती. आता तिचे केस पिकले आहेत. "गाळलेलं ठेवता कुठे?" तिने विचारलं.

"ठेवत नाही. काय करायचंय?"

तिने तिथेच फोन लावला. "ताई, गुडघे कसे आहेत तुझे? पुन्हा मळ्यात जायचंय. चाळीत परत दोघं तापाने पडलीत, आणि तिथलं यंत्र म्हणतं, सगळं शांत आहे."

मित्रांनो, आता मी गाडीत दोघींच्या मध्ये आहे. थोरलीने मला जुन्या शालीत गुंडाळलं आहे. प्रवासात स्प्रिंग तुटू नये म्हणून माझं वजन खटक्याने अडकवून ठेवतात. त्यामुळे आत्ता मला काहीही कळत नाही, आणि तेच सहन होत नाही. यंत्रं पुसावीत, तेलपाणी करावं, हे तुम्हाला मोठी माणसं सांगतीलच. माझं मागणं एवढंच आहे, या दोघींकडे आणि तुमच्याकडेही: तिथे पोचल्यावर आधी माझा खटका सोडा. आणि मग मी जे जे सांगेन, त्यातलं काही टाकण्यापूर्वी एकदा टेकडीमागे जाऊन बघा.